क्युपिडचा मास्तर

फेब्रुवारी लागला की कॉलेजच्या गेटसमोरच्या दुकानांत तो दोऱ्याला लटकायला लागतो. गुबगुबीत, उघडा, पाठीला दोन पंख, हातात धनुष्य आणि बाणाच्या टोकाला बदाम. तुम्हीही त्याचा स्टिकर कुणाला तरी पाठवला असेल, किंवा पाठवायचा धीर न होऊन शेवटच्या क्षणी खोडला असेल. हा क्युपिड आज इतका गोंडस झालाय की घाबरावं असं त्याच्यात काही उरलेलं नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये कवी त्याला टरकून असायचे. तो त्यांच्या डोक्यावर पाय देऊन उभा राहायचा, झोप उडवायचा, साखळ्या घालून गावभर मिरवायचा. या कवींत एक असा होता, ज्याने या पोराला आधी फैलावर घेतलं, मग त्याच्यापुढे हात टेकले, मग चक्क त्याचा मास्तर व्हायला निघाला आणि शेवटी त्याच्याच पायी घरदार सोडून समुद्राच्या टोकाला जाऊन पडला.

पुब्लिउस ओविदिउस नासो. जग त्याला ओव्हिड म्हणतं. नासो हे घराण्याचं टोपणनाव, अर्थ साधारण नाकाड्या.

जन्म इ.स.पू. ४३ मधला, २० मार्चचा. गाव सुल्मो, म्हणजे आजचं इटलीतलं सुल्मोना. रोमपासून साधारण १३० किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत, वाहत्या पाण्याचं हिरवंगार गाव. आज ते लग्नात वाटायच्या साखरपाक चढवलेल्या बदामांसाठी प्रसिद्ध आहे, हा योगायोग ओव्हिडला नक्की आवडला असता. जन्माचं वर्ष लक्षात ठेवा. ज्युलिअस सीझरचा खून होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, रोमन माणसं एकमेकांना कापत होती. हा पोरगा बारा वर्षांचा झाला तोवर ॲक्टियमची लढाई होऊन सगळं शांत झालं होतं आणि सगळी सत्ता एकाच माणसाच्या हातात गेली होती. तो माणूस पुढे ऑगस्टस म्हणून ओळखला गेला. म्हणजे ओव्हिडच्या आधीच्या पिढीने युद्ध पाहिलं होतं, म्हणून तिला शांततेची किंमत होती. ओव्हिडला शांतता आयती मिळाली. अशा पिढीचं काय होतं, ते तुम्ही जाणताच. ती जुन्यांच्या गंभीर चेहऱ्यांवर हसते.

घर खाऊनपिऊन सुखी. एक भाऊ होता, बरोब्बर एक वर्षाने मोठा. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी. वडिलांनी दोघांना शिकायला रोमला पाठवलं. तेव्हाचं इंजिनीअरिंग म्हणजे वक्तृत्व. भाषण करायला शिका, कोर्टात वकिली करा, मग एकेक पद चढत सिनेटमध्ये पोहोचा. भावाला ते मनापासून आवडायचं. याला मात्र कविता करायची खोड. कवितेने कुणाचं पोट भरलंय, अगदी होमर गेला तेव्हाही मागे दमडी नव्हती, हे वडिलांनी त्याला पुन्हापुन्हा सुनावलं. हा संवाद तुमच्यापैकी काहींच्या घरी गेल्या जूनमध्येच झाला असेल, फक्त होमरच्या जागी दुसरं कुणीतरी असेल. पोराने ऐकलं, बरं का. गद्य लिहायचा खरोखर प्रयत्न केला. पण वाक्य लिहायला घेतलं की ते आपसूक वृत्तात जाऊन बसायचं, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय.

मग भाऊ गेला. वीस वर्षांचा होता. जुळ्यासारखा वाढलेला भाऊ गेला आणि आपलाच एक भाग गेला असं ओव्हिडला वाटलं. वडिलांची सगळी आशा आता याच्यावर. त्याने अथेन्स, आशिया मायनर, सिसिली असा प्रवास केला, परत येऊन एक-दोन किरकोळ सरकारी पदं सांभाळली, न्यायनिवाड्याच्या कामात बसला. सिनेटची पायरी समोर आली तेव्हा मात्र मागे फिरला. हे ओझं आपल्या खांद्याला पेलणारं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. वडील नव्वद वर्षं जगले. मुलगा रोममधला सर्वांत लोकप्रिय कवी झालेला त्यांनी पाहिला असणार.

आता त्या पंखवाल्या पोराकडे वळू.

लॅटिनमध्ये प्रेमाला शब्द आहे अमोर. प्रेमाच्या देवालाही अमोर. क्युपिड हे त्याचंच दुसरं नाव, त्याचा अर्थ अभिलाषा. इंग्रजीत मोठा ए काढला की देव आणि छोटा काढला की भावना, अशी सोय आहे. रोमन लोकांना ती नव्हती, ते सगळं एकाच तऱ्हेच्या अक्षरांत लिहायचे. देवनागरी लिहिणाऱ्या आपल्याला हे इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर कळेल. ओळीत अमोर आला की तो माझ्या छातीत उठलेला कल्लोळ आहे, की दाराशी उभा असलेला धनुष्यधारी पोरगा, हे कागद बघून सांगता येत नाही. लॅटिन प्रेमकवींनी या गोंधळातच आपला संसार थाटला. आपलाही मदन धनुष्यवालाच. पण तो ऐन तारुण्यातला, रतीचा नवरा, उसाचं धनुष्य आणि फुलांचे पाच बाण घेऊन फिरणारा. रोमनांचा मात्र पोर. आणि पोराच्या हातात हत्यार असलं की काय होतं, हा त्यांच्या कवितेचा विषय.

ओव्हिडच्या आधी तिघांनी ही वाट मळून ठेवली होती. पहिला गॅलस. दुसरा टिबुलस, त्याचा प्रेमदेव गावाकडचा, गुराढोरांत वाढलेला आणि तिथेच नेम धरायला शिकलेला. तिसरा प्रोपर्शियस, तो ओव्हिडचा दोस्तच. प्रेमाला लहान मुलाच्या रूपात रंगवणाऱ्या चित्रकाराचं तो एका कवितेत तोंडभर कौतुक करतो, कारण प्रेमात पडलेली माणसं पोरासारखीच बेभान वागतात. पंखही पटतात म्हणतो. तक्रार एवढीच की माझ्या छातीत शिरलेल्याचे पंख गळालेत, तो उडून जायचं नावच घेत नाही. या मंडळींच्या कवितेत पुरुष स्वतःला प्रेयसीचा गुलाम म्हणवून घ्यायचा. प्रेयसीसाठी जो शब्द वापरायचा, तो रोममध्ये गुलाम आपल्या मालकिणीसाठी वापरत. हे सगळं ते अगदी जीव तोडून, रडून लिहायचे. खरं सांगायचं तर चार कविता सलग वाचल्या की थोडं अति होतं.

ओव्हिडलाही तसंच वाटलं असावं.

पहिल्यांदा लोकांसमोर त्याने कविता वाचली तेव्हा त्याची दाढी एक-दोनदाच झाली होती. म्हणजे वय तुमच्याएवढं. या कवितांचा संग्रह म्हणजे आमोरेस, शब्दशः प्रेमं. आधी त्याचे पाच भाग होते, मग त्याने स्वतःच कात्री लावून तीन केले आणि वाचकाला सांगितलं की मजा येवो न येवो, त्रास तरी दोन भागांनी कमी झाला. सुरुवात कशी होते बघा. कवी मोठ्या थाटात युद्धावर महाकाव्य लिहायला बसलाय. महाकाव्याच्या वृत्तात प्रत्येक ओळ सहा पायांची. आपल्याकडे चरण म्हणजे पाय आणि चरण म्हणजे कवितेचा भाग, तसंच लॅटिनमध्येही वृत्ताचं माप पायांत मोजतात. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तेवढ्यात क्युपिड खुदकन हसतो आणि दुसऱ्या ओळीचा एक पाय पळवतो. आता सहा आणि पाच अशी लंगडी जोडी उरली. हेच प्रेमकवितेचं वृत्त! कवी भडकतो. कवितेत नाक खुपसायचा अधिकार तुला दिला कुणी, तुझं राज्य आधीच कमी मोठं आहे का, अशी झाडाझडती घेतो. आणि वर तक्रार करतो की प्रेमकविता लिहायला मी कुणाच्या प्रेमात तरी हवा ना, इथे तर कुणीच नाही. पोरगा वाद घालत बसत नाही. भात्यातून एक बाण निवडतो, गुडघ्यावर धनुष्य वाकवतो आणि सोडतो.

आधीच्या कवींची गोष्ट अशी असायची की ती दिसली, मी घायाळ झालो, म्हणून कविता आली. याच्याकडे आधी वृत्त आलं, मग प्रेम, आणि मुलगी सर्वांत शेवटी. तिचं नाव कोरिना. ती कोण, हे रोमला शेवटपर्यंत कळलं नाही. एक बाई तर मीच ती कोरिना म्हणून सांगत फिरते, असं त्याने एका कवितेत टाकून दिलंय. तुमच्या कॉलेजच्या कन्फेशन पेजवर निनावी पोस्ट पडली की जे होतं, तेच.

पुढच्याच कवितेत कवीला झोप येत नाही. गादी टोचते, पांघरूण जागेवर राहत नाही, अंग दुखतंय. काय झालंय ते हळूहळू त्याच्या लक्षात येतं आणि तो लगेच शरण जातो. मग क्युपिडची विजययात्रा निघते. जिंकून आलेल्या रोमन सेनापतीची मिरवणूक निघायची, तशीच हुबेहूब. रथाला कबुतरं जुंपलेली, मागे पकडलेली तरुण पोरंपोरी. सद्सद्विवेक हात मागे बांधून चाललाय, लाजही कैदेत. सैनिक कोण, तर लाडीगोडी, भ्रम आणि वेड. एकेक भावना माणूस होऊन रस्त्यावरून चाललीय. अन् शेवटी कवी क्युपिडला सुचवतो की तुझ्या त्या नातेवाइकाकडे बघ, सीझरकडे, जिंकलेल्यांना तो कसा सांभाळून घेतो.

नातेवाईक? हो. इथे जरा थांबू, कारण ओव्हिडच्या सगळ्या आयुष्याची गाठ इथे आहे. ऑगस्टसचं ज्युलियन घराणं आपली वंशावळ थेट व्हीनस देवीपर्यंत नेत असे. व्हीनसचा मुलगा एनिअस, त्याच्यापासून हे घराणं. क्युपिडही व्हीनसचाच मुलगा. म्हणजे हा आगाऊ पोरगा सम्राटाच्या खापरखापरपणजोबांचा भाऊ. ही कवीची थट्टा नव्हती, हा सरकारी दावा होता. १८६३ मध्ये रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे ऑगस्टसचा एक संगमरवरी पुतळा सापडला, आज तो व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. चिलखत घातलेला, हात उंचावलेला सम्राट. आता त्याच्या उजव्या पायाजवळ बघा. डॉल्फिनवर बसलेला छोटासा क्युपिड. सम्राटाच्या पायाशी तो दैवी कुळाचा दाखला म्हणून उभा आहे. ओव्हिडच्या पुस्तकात तोच पोरगा लोकांच्या बायकांच्या खिडक्यांखाली कवींना उभं करतोय.

त्यात ऑगस्टसने कायदे आणलेले. इ.स.पू. १८ मध्ये लग्नाचा कायदा आणि व्यभिचाराचा कायदा. लग्न केलं नाही तर वारसाहक्कावर बंधनं, आणि व्यभिचार हा तोवर घरातला मामला होता, तो आता कोर्टातला गुन्हा. बायकोचं लफडं माहीत असून गप्प बसणाऱ्या नवऱ्यावरसुद्धा खटला चालू शकत होता. प्रेमावर सरकारची नजर बसली होती. इ.स. ९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, ती ज्या दोन कॉन्सलांच्या नावाने ओळखली जाते ते दोघेही बिनलग्नाचे होते. ही गंमत इतिहासकारांनी आवर्जून नोंदवलीय.

अशा वातावरणात ओव्हिडने साधारण इसवी सनाच्या आरंभाला आर्स अमातोरिया लिहिलं. प्रेमाची कला. तेव्हा शेती कशी करावी, भाषण कसं करावं, यावर पद्यात आणि गद्यात पाठ्यपुस्तकं निघायची. याने तोच गंभीर आव आणून प्रेमाचं पाठ्यपुस्तक काढलं. स्वतःची नेमणूक केली अमोरचा शिक्षक म्हणून. ॲकिलिससारख्या आडदांडाला लहानपणी त्याच्या गुरूने वळण लावलं, मग या पोराला मी का नाही लावणार? रानटी आहे, पण पोरच आहे ना. ज्याने याला जमिनीवर लोळवलं, तो आता याच्या हातावर छडी मारायला निघाला.

पुस्तकात काय आहे? थिएटरात कुठे बसावं. रथांच्या शर्यतीला गेलात तर तिच्या कपड्यावरची धूळ झटकावी, धूळ नसेल तर नसलेली झटकावी. नखं कापा, नाकातले केस दिसू देऊ नका, अंगाला वास नको. चिठ्ठी कशी लिहावी. वय विचारू नका. पहिले दोन भाग मुलांना आणि तिसरा मुलींना, कारण एकाच बाजूला शस्त्रं देणं बरोबर नाही. कुलीन विवाहित स्त्रियांनी हे वाचू नये अशी पाटीही त्याने दारावरच लावून ठेवली होती. अशी पाटी लावली की काय होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि तुम्हालाही.

आणि याच पुस्तकात एक जागा अशी आहे जिथे हा मास्तर साफ घसरतो. मुलगी विरोध करते तेव्हा तिला तो खरा नकोच असतो, जबरदस्ती तिला आवडते, असं तो बिनदिक्कत शिकवतो. कुणी म्हणतं ते उपरोधाने आहे, शिक्षक हे पात्रच मूर्ख दाखवायचंय. असेल. मला ते पटत नाही. हसत हसत सांगितलेली गोष्टही गोष्टच असते आणि ती ऐकून घरी जाणारी पोरं तेव्हाही होती. ओव्हिड आवडतो म्हणून ही पानं चिकटवून टाकायची गरज नाही, आणि ही पानं आहेत म्हणून बाकीचा ओव्हिड फेकायचीही नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी त्याच्या कवितेतल्या बलात्काराच्या प्रसंगांवर वर्गात नुसतं भाषेच्या सौंदर्याबद्दल बोललं जातं, म्हणून आवाज उठवला होता. त्यावर दोन्हीकडून बरंच रण माजलं.

प्रेम शिकवून झाल्यावर त्याने उतारा लिहिला. रेमेडिया अमोरिस, म्हणजे ब्रेकअपनंतर काय करावं याचं पुस्तक. सुरुवातीलाच क्युपिड येऊन पुस्तकाचं नाव वाचतो आणि त्याला वाटतं, आपल्याविरुद्ध युद्ध पुकारलंय. कवी त्याची समजूत काढतो की बाबा, मी तुझाच माणूस आहे, फक्त प्रेमापायी कुणी गळफास घेऊ नये एवढंच बघतोय. उपाय साधे आहेत. रिकामे बसू नका, प्रवासाला निघा, जुनी पत्रं पुन्हा वाचत बसू नका, जाळून टाका. तिच्या घराजवळून जाऊ नका. आज त्याने प्रोफाइल उघडून बघू नका असं लिहिलं असतं.

दोन लग्नं मोडली होती, पहिलं तर मिसरूड फुटायच्या वयातलं. तिसरी बायको मात्र शेवटपर्यंतची. एक मुलगी झाली. टिबुलस तरुणपणीच गेला, इ.स.पू. १९ मध्ये, त्याच वर्षी व्हर्जिलही गेला. टिबुलसवर ओव्हिडने लिहिलेल्या शोककवितेत क्युपिड चितेमागून चाललाय. भाता उलटा, धनुष्य मोडलेलं, मशाल विझलेली, पंख ओढत, छाती बडवत. या पोराला रडताना त्याने पहिल्यांदा दाखवलं ते तिथे. मग प्रोपर्शियसही गेला आणि या रांगेत चौथा आणि शेवटचा ओव्हिड एकटाच उरला.

त्याच्या स्वभावाची एक गोष्ट थोरल्या सेनेकाने सांगून ठेवलीय. मित्रांनी ओव्हिडला विनवलं की तुझ्या कवितेतल्या तीन ओळी काढून टाक. तो म्हणाला, कबूल, पण ज्यांना हात लावायचा नाही अशा तीन ओळी मी निवडणार. दोन्हीकडून यादी लिहून झाली. उघडून बघितलं तर दोन्ही याद्यांत त्याच तीन ओळी. आपल्या खोडी त्याला नीट माहीत होत्या आणि त्याच त्याला लाडक्या होत्या.

चाळिशीत त्याने मोठं काम हाती घेतलं. मेटामॉर्फोसिस, रूपांतरं. १५ भाग, सुमारे १२,००० ओळी, जगाच्या उत्पत्तीपासून ते आपल्या काळापर्यंत अडीचशेच्या आसपास कथा. इथेही क्युपिड आहे, पण हसू कमी झालंय. अपोलो अजगर मारून आलाय आणि पोराच्या हातातलं धनुष्य बघून त्याची टर उडवतो. क्युपिड दोन बाण काढतो. एक सोन्याचा, टोकदार, तो अपोलोला. दुसरा शिशाचा, बोथट, तो डॅफ्नीला. आता तो तिच्यामागे धावणार आणि ती पळणार. शेवटी तिचं झाड होतं, लॉरेलचं. अपोलो त्या झाडालाही सोडत नाही, त्याची पानं डोक्यात घालतो आणि हे झाड ऑगस्टसच्या दारात उभं राहील असं जाहीर करतो. सम्राटाच्या दाराशी खरोखर लॉरेल होतं, सिनेटने दिलेला मान म्हणून. ते वाचून दारातल्या झाडाकडे बघणाऱ्याला काय वाटत असेल? रोममध्ये बोर्गेझे संग्रहालयात बर्निनीचं शिल्प आहे, १६२० च्या दशकातलं. डॅफ्नीच्या बोटांना पानं फुटतायत. त्याचा फोटो शोधून तिचा चेहरा जरूर बघा.

पुढे एका कथेत व्हीनस मुलाला जवळ घेऊन जगाचा नकाशा समजावल्यासारखं बोलते. आकाश आपलं, समुद्र आपला, मग पाताळ का बाहेर राहावं? आपलं साम्राज्य वाढव. क्युपिड हजारातून एक बाण निवडतो, पाताळाच्या राजाला मारतो आणि फुलं वेचणारी एक लहान मुलगी उचलून नेली जाते. प्रेमाचा देव आणि साम्राज्य एकाच भाषेत बोलायला लागलेत. मला तरी हा ओव्हिडचा सर्वांत धारदार भाग वाटतो, पाठ्यपुस्तकाहून कितीतरी.

इ.स. ८. ओव्हिड पन्नाशी ओलांडलेला, रोमचा लाडका. एल्बा बेटावर मित्राबरोबर होता तेव्हा कुणकुण लागली. खटला नाही, सिनेटचा ठराव नाही. सम्राटाचा हुकूम, बस्स. रोम सोडायचं आणि टोमिसला जायचं. काळ्या समुद्राचा काठ, साम्राज्याची शेवटची कड. आजचं रोमानियातलं कॉन्स्टान्त्सा. मालमत्ता जप्त झाली नाही, नागरिकत्वही राहिलं. कारणं त्याने दोन सांगितली, एक कविता आणि एक चूक. कविता म्हणजे आर्स. पण ते पुस्तक येऊन आठेक वर्षं झाली होती, मग आत्ताच का? चुकीबद्दल तो एवढंच म्हणतो की माझ्या डोळ्यांनी नको ते पाहिलं. पाहिलं काय, हे त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टसची नात ज्युलिया हिलाही व्यभिचाराच्या आरोपाखाली बेटावर धाडण्यात आलं. साधारण दहा वर्षांपूर्वी तिच्या आईचं, म्हणजे सम्राटाच्या एकुलत्या एक मुलीचं, हेच झालं होतं. प्रेमाचे कायदे करणाऱ्याच्या घरातच हे चाललं होतं.

रोममधल्या शेवटच्या रात्रीचं वर्णन त्याने केलंय. घरात मयत झाल्यासारखी रडारड. मुलगी दूर आफ्रिकेत, तिला काही पत्ताच नाही. तो उंबरठ्यापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. बायको म्हणाली मीही येते. पण ती मागे राहिली, कारण रोममध्ये राहून कुणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकायला हवा होता. रूपांतरांची पोथी त्याने स्वतःच्या हाताने आगीत टाकली. नशीब, मित्रांकडे प्रती होत्या.

टोमिसहून तो लिहीत राहिला. दोन संग्रह, मिळून नऊ भाग, जवळपास सगळी पत्रं. डॅन्यूब गोठते, दारूचा बर्फ होऊन ती सुरईच्या आकारात उभी राहते, विषारी बाण घेऊन टोळ्या चालून येतात, लॅटिन समजणारं कुणी नाही. यातलं थोडं तिखटमीठ लावलेलं आहे. कॉन्स्टान्त्सा साधारण फ्लॉरेन्सच्याच अक्षांशावर आहे आणि उन्हाळ्यात तिथले किनारे पर्यटकांनी भरलेले असतात. पण त्याला सुटका हवी होती, माफीचा अर्ज गुळमुळीत करून चालतं का? ऑगस्टसला त्याने जवळजवळ सहाशे ओळींचा एकच लांबलचक युक्तिवाद लिहून पाठवला. प्रेमावर कुणी नाही लिहिलं? माझं वागणं वेगळं, माझी कविता वेगळी. उत्तर नाही. बाणांच्या गोष्टी रचणारा हा माणूस म्हातारपणी खरे बाण येतात म्हणून डोक्यावर शिरस्त्राण चढवतो, असं लिहितो. तिथली गेटिक भाषा तो शिकला, तिच्यात एक कविताही केली आणि त्याची त्याला लाज वाटली. थोडा अभिमानही वाटला असावा.

एका रात्रीची कविता आहे. तो खोलीत झोपलाय, खिडकीच्या फटीतून चांदणं आत आलंय. अचानक हवा थरथरते, खिडकी कुरकुरते. तो दचकून उठतो तर समोर अमोर. पण कसा? केस विस्कटलेले, पंख पिसकटलेले, गळ्यात दागिना नाही. बऱ्याच हातांनी हाताळलेल्या कबुतरासारखा, पलंगाच्या खांबाला धरून उभा. कवी त्याला ओळखतो आणि बोलायला लागतो. तुझ्यामुळे झालं हे सगळं. मी तुला शिकवलं, गुरूला हीच दक्षिणा? तू माझ्याकडून महाकाव्यं हिरावलीस, मला या बर्फात आणून टाकलंस. निदान एवढं तरी सांग, माझ्या पुस्तकात कुणाचा संसार मोडायला शिकवलं होतं का? पोरगा शपथ घेतो. आपल्या बाणांची, मशालीची, आईची, आणि सीझरच्या मस्तकाची. पुस्तकात गुन्हा काही नाही. मग हळूच म्हणतो की दुसऱ्या गोष्टीबद्दलही तुला असंच म्हणता आलं असतं तर बरं होतं. ती दुसरी गोष्ट आपल्याला पुन्हा कळत नाही. सम्राटाचा राग निवळेल, एवढं सांगून तो जातो.

हीच व्यक्ती जिने सहाव्या पायाची चोरी करून खुदकन हसायचं, ती आता अंधारात साक्षीदार म्हणून आलीय. आणि शपथ घेते ती ज्याने शिक्षा दिली त्याच्या डोक्याची. साक्षीदार सम्राटाचा नातलग असला, तरी त्याचा काही उपयोग झाला नाही.

ऑगस्टस इ.स. १४ मध्ये गेला. पुढच्या सम्राटाने, टायबेरियसने, ओव्हिडला परत बोलावलं नाही. इ.स. १७ किंवा १८ मध्ये तो टोमिसमध्येच वारला. रोमच्या सार्वजनिक वाचनालयांतून त्याचं पुस्तक हाकललं गेलं होतं, घराघरांतून मात्र कुणाला ते हाकलता आलं नाही. मध्ययुगात मठांतल्या साधूंनीही त्याच्या पोथ्या उतरवल्या. क्युपिडच्या डोळ्यांवर पट्टी आली ती त्याच काळात. ओव्हिडच्या क्युपिडला मात्र दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, तो बघून नेम धरतो. शेक्सपिअरने रूपांतरांतल्या कथा मनसोक्त उचलल्या, पिरॅमस आणि थिस्बी त्यातलेच.

१८८७ मध्ये कॉन्स्टान्त्साच्या चौकात एत्तोरे फेरारी या इटालियन शिल्पकाराने केलेला ओव्हिडचा पुतळा बसला. मान खाली, हनुवटी हातात, विचारात बुडालेला. १९२५ मध्ये त्याचीच प्रतिकृती सुल्मोनात उभी राहिली. आणि डिसेंबर २०१७ मध्ये रोमच्या नगर परिषदेने ठराव करून त्याची हद्दपारी रद्द केली. अर्ज मंजूर व्हायला दोन हजार वर्षं लागली.